पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत : कॅटचा निकाल मनासारखा लागला नाही तर...



एरवी आपण इथे वाचन, लेखन, पाढे, शब्दकोडी असे विषय घेतो. आजचा विषय जरा मोठ्या मुलांचा आहे. एमबीएच्या प्रवेशासाठी असलेल्या कॅट परीक्षेत मनासारखा स्कोअर आला नाही, तर घरात काय करायचं?

प्राथमिक शाळेच्या बाईंचा आणि कॅटचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे. ज्या मुलांना आपण बेरीज-वजाबाकी शिकवली तीच मुलं आज पदवीधर होऊन हे फॉर्म भरत आहेत. त्यांचे आईवडील एसटी स्टँडवर, बाजारात भेटले की आपल्यालाच विचारतात, "बाई, आमच्या पोराला अमुक अमुक पडले. हे चांगले का वाईट?" गावात शिकलेलं माणूस म्हणून आजही शिक्षकालाच विचारलं जातं. तेव्हा आपल्याला नीट उत्तर देता आलं पाहिजे. आणि दुसरं म्हणजे निकालाकडे कसं बघायचं हे मूल बाविसाव्या वर्षी शिकत नाही, ते पहिली-दुसरीतच शिकतं.

माझं मत आधीच सांगते. कमी स्कोअरमुळे होणारं नुकसान भरून निघतं. त्या स्कोअरच्या दुःखात, लाजेत आणि घाईत घेतलेल्या निर्णयाचं नुकसान मात्र दहा-दहा वर्षं फेडावं लागतं. म्हणून निकाल लागल्यावर पहिलं काम म्हणजे तो आकडा नीट वाचणं. बाकीचं नंतर.

टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळं

आपल्या घरांत दहावी-बारावीची सवय असते. ९० म्हणजे उत्तम, ८० म्हणजे छान, ६० म्हणजे बरा, ३५ म्हणजे सुटला! कॅटच्या निकालावरचा मोठा आकडा मात्र टक्क्यांचा नसतो, तो पर्सेंटाइलचा असतो. टक्के सांगतात की शंभरापैकी किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगतं की परीक्षा दिलेल्या शंभर जणांपैकी साधारण किती जण तुमच्या मागे आहेत.

वर्गातलं उदाहरण घेऊ. समजा माझ्या वर्गात ४० मुलं आहेत आणि मी २५ गुणांची फार अवघड चाचणी घेतली. एका मुलीला ११ गुण मिळाले. टक्के किती? ४४. घरी गेल्यावर आई म्हणणार, "एवढेच?" पण त्या चाचणीत तिच्या पुढे फक्त पाच मुलं आहेत आणि मागे ३४ आहेत. ३४ भागिले ४०, गुणिले १००, म्हणजे तिचं पर्सेंटाइल ८५. मुलगी तीच, पेपर तोच, आकडे दोन. आता याच मुलीला तालुक्यातून निवडलेल्या ४० हुशार मुलांमध्ये बसवा. गुण ११ च राहतील, पण पर्सेंटाइल कदाचित ४० वर येईल. तिचं ज्ञान काही रात्रीत कमी झालेलं नाही, तिच्याभोवतीची रांग बदलली.

आता कॅटकडे येऊ. २०२४ ची कॅट २४ नोव्हेंबरला झाली. साधारण २ लाख ९३ हजार मुलांनी ती दिली. ६८ प्रश्न, २०४ गुण, वेळ दोन तास. बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुण मिळवणारा विद्यार्थी ९९ पर्सेंटाइलच्या जवळ पोहोचतो. निम्मे गुण! दहावीत निम्मे गुण मिळवणाऱ्याला आपण काय बोलतो, आठवा.

आणि याच्या उलट बाजूही बघा. ८४ पर्सेंटाइल ऐकायला डिस्टिंक्शनसारखं वाटतं. पण २ लाख ९३ हजारांच्या १६ टक्के म्हणजे जवळजवळ ४७ हजार मुलं पुढे आहेत. जुन्या, नावाजलेल्या आयआयएममध्ये खुल्या गटातल्या मुलाला एवढ्यावर मुलाखतीचं बोलावणं येत नाही. त्याच वेळी जवळजवळ २ लाख ४६ हजार पदवीधर त्याच्या मागे आहेत, हेही तितकंच खरं. दोन्ही वाक्यं एकाच आकड्यात आहेत. एकच वाक्य वाचलं की माणूस एक तर खचतो, नाही तर फुगतो.

एकाच आकड्याचे दोन अर्थ, एकाच घरात

आमच्याच घरातलं सांगते. माझे धाकटे दीर पुण्यात एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करतात. कॉट बेसिसवर राहून, रात्री जागून त्यांनी २०२४ ची कॅट दिली. निकाल लागला तेव्हा ते गावी होते. ८४ पर्सेंटाइल. सासऱ्यांनी ऐकलं आणि उठून टोपी घातली, पेढे आणायला! "चौऱ्याऐंशी पडले पोराला!" आणि भाऊजी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. सासूबाईंना कळेना की नवरा पेढे आणायला निघालाय आणि पोरगा जेवायला उठत नाही, हे काय चाललंय. सासरे शेवटी म्हणाले, "चौऱ्याऐंशी पडले, मग रडायचं काय त्यात?" भाऊजी म्हणाले, "आबा, तुम्हाला नाही कळायचं."

हे "तुम्हाला नाही कळायचं" फार वाईट वाक्य आहे. मुलाचं दुःख एका भाषेत आणि वडिलांचा आनंद दुसऱ्या भाषेत. मी त्या दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सासऱ्यांना ४० मुलांच्या वर्गाचं उदाहरण काढून दाखवलं. दहा मिनिटांत त्यांना समजलं. चौथी शिकलेला माणूस, पण बाजार समितीत आयुष्यभर भाव बघितलेले. ते म्हणाले, "म्हणजे माल चांगलाय, पण आज बाजारात आवक जास्त झाली." माझ्या सगळ्या स्पष्टीकरणापेक्षा हे वाक्य सरस होतं. मग ते आत गेले आणि भाऊजींच्या शेजारी नुसते बसले. पेढे आले नाहीत आणि बोलणीही खावी लागली नाहीत.

पालकहो, म्हणून विनंती आहे. मुलाला धीर द्यायच्या आधी त्याचा निकाल त्याच्याकडूनच समजून घ्या. "हा आकडा म्हणजे काय रे? मला सांग बरं" एवढं विचारा. समजावून सांगता सांगता मूलही स्वतःच्या निकालाकडे जरा लांबून बघायला लागतं.

पहिले आठ दिवस

दुःख खरं असतं. वर्षभर मित्रांची लग्नं, सणवार, क्रिकेट सोडून अभ्यास केलेला असतो. क्लासची फी भरलेली असते. त्याला "त्यात काय एवढं!" असं म्हणणं म्हणजे त्याच्या कष्टांनाही "त्यात काय एवढं" म्हणणं. त्यापेक्षा "वाईट वाटणारच, मेहनत केली होतीस" एवढं पुरे.

काही गोष्टी मात्र या आठ दिवसांत नक्की टाळा. आत्याच्या मुलाचा, शेजारच्या मुलीचा स्कोअर काढू नका. क्लासच्या फीचा हिशेब काढू नका, तो त्याला तोंडपाठ असतो. नातेवाइकांना फोन करून सांगत बसू नका. कुणी विचारलंच तर "निकाल लागलाय, पुढचं ठरवतोय" हे उत्तर पुरेसं आहे. आणि पुढच्या आयुष्याचा कुठलाही मोठा निर्णय या दिवसांत घेऊ नका. नोकरी सोडणं नाही, फी भरणं नाही, कर्जाचा अर्ज नाही.

एक गंभीर गोष्ट. आठ-दहा दिवस उलटूनही मूल झोपत नसेल, जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही अशा तऱ्हेचं काही बोलत असेल, तर ते "नाटक" समजू नका. त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि घरच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

मग निकालपत्र पुन्हा उघडा

आठ दिवसांनी वही-पेन घेऊन बसा. आपण शिक्षक उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा नुसती बेरीज बघतो का? मूल कुठं चुकलं ते बघतो. कॅटच्या निकालातही एकूण पर्सेंटाइलसोबत तिन्ही विभागांचं वेगळं पर्सेंटाइल दिलेलं असतं. पहिला विभाग इंग्रजी वाचन-आकलनाचा, दुसरा तक्ते-आलेख आणि तर्काचा, तिसरा गणिताचा. प्रत्येकाला ४० मिनिटं. एका विभागातला वाचलेला वेळ दुसऱ्या विभागाला देता येत नाही.

भाऊजींचं निकालपत्र पाहिलं तर गणितात ९३, तर्कात ८६ आणि इंग्रजी आकलनात ५८. एकूण ८४ या आकड्यामागे ही कहाणी होती. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी व्याकरण पाठ, पण सलग पाचशे शब्दांचा उतारा वाचून लेखकाला नेमकं काय म्हणायचंय हे ओळखण्याची सवय नाही. २०२४ च्या पेपरात त्या विभागातल्या २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न उताऱ्यांवरचे होते! म्हणजे "मला एमबीए झेपत नाही" हा निष्कर्ष चुकीचा होता. "माझं इंग्रजी वाचन कमी पडलं" हा निष्कर्ष बरोबर होता. पहिल्या निष्कर्षावर काही उपाय नाही. दुसऱ्यावर आहे आणि तो रोज अर्ध्या तासाचा आहे.

साधारण तीन प्रकार दिसतात. एकच विभाग पडला असेल, तर दुखणं सापडलं. तिन्ही विभाग सारखेच मध्यम असतील, तर पायाच पुन्हा घालावा लागेल. त्याला वेळ लागतो आणि तेवढी तयारी आहे का हे स्वतःला विचारावं लागेल. आणि सराव परीक्षांत चांगले गुण येऊन मुख्य परीक्षेतच घसरण झाली असेल, तर प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न निवडण्यात गडबड झालेली असते. वजा गुणांच्या परीक्षेत काय सोडायचं हे कळणं हेही एक कौशल्य आहे. आपल्याकडे "एकही प्रश्न सोडू नकोस" असं शिकवून पाठवलेली मुलं तिथं नेमकी अडकतात.

कॅट हे एकच दार नाही

हे वाक्य समजूत घालायला म्हणून सगळेच म्हणतात. मी त्यातला तपशील सांगते, कारण पालकांना तोच माहीत नसतो.

आपल्या महाराष्ट्राची एमबीए सीईटी असते. ती राज्य सीईटी कक्ष घेतो. २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. हिशेब करा. कॅटमध्ये एका प्रश्नाला साधारण पावणेदोन मिनिटं मिळतात, सीईटीत फक्त ४५ सेकंद. एका परीक्षेत खोली बघतात, दुसरीत वेग. कॅटमध्ये मागे पडलेलं मूल सीईटीत पुढे येऊ शकतं आणि उलटंही होऊ शकतं. सीईटीत तर्कक्षमतेचे तब्बल ७५ प्रश्न असतात. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेतली बुद्धिमत्ता चाचणी आठवते ना? अक्षरमाला, नातेसंबंध, रांगेतलं स्थान, सांकेतिक भाषा. त्याच घरातली ही मोठी बहीण! मुंबईतली जमनालाल बजाज संस्था आणि सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्था, पुणे विद्यापीठाचा मॅनेजमेंट विभाग अशा ठिकाणी जायचा हा रस्ता आहे. जमनालाल बजाजला तर अतिशय वरचा पर्सेंटाइल लागतो, त्यामुळे हा सोपा रस्ता समजू नका. वेगळा रस्ता समजा.

याशिवाय एक्सएलआरआयची झॅट जानेवारीत असते. त्यात निर्णयक्षमतेचा स्वतंत्र विभाग असतो. सिम्बायोसिसची स्नॅप आणि एनएमआयएमएससाठीची एनमॅट एकाच हंगामात एकाहून जास्त वेळा देता येते. सीमॅट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, यातल्या काहींचे फॉर्म कॅटचा निकाल लागण्याआधीच बंद होतात. म्हणून ज्यांची मुलं येत्या वर्षी परीक्षेला बसणार आहेत त्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच तारखा लिहून ठेवाव्यात.

"आजच सीट बुक करा" हा फोन

आता मुख्य धोका. निकाल लागला की चार दिवसांत फोन सुरू होतात. "सर, तुमच्या प्रोफाइलला आमच्याकडे सीट आहे. आजच पन्नास हजार भरले तर स्कॉलरशिप मिळेल. उद्या सांगू शकत नाही." भाऊजींनाही असाच एका संस्थेचा फोन आला होता. दोन वर्षांचे बारा लाख. खचलेल्या मुलाला कुणीतरी "तू आम्हाला हवा आहेस" म्हणालं की काय वाटत असेल! सासरेही म्हणाले, "भरून टाकू. लोकांना सांगायला तरी होईल, एमबीएला लागला म्हणून."

बघा, "लोकांना सांगायला" बारा लाख! इथे पाचवी ते आठवीचं गणित कामाला येतं.

त्या संस्थेच्या माहितीपत्रकात सरासरी पगार मोठ्या अक्षरांत छापला होता. सरासरीवर लगेच विश्वास ठेवू नका. समजा पाच मुलांना वर्षाला ४ लाख, साडेचार लाख, ५ लाख, साडेपाच लाख आणि २६ लाख असे पगार मिळाले. बेरीज ४५ लाख, सरासरी ९ लाख. पण त्या पाचांतल्या चौघांना ९ लाखांच्या जवळपासही काही मिळालेलं नाही! मधला आकडा, म्हणजे मध्यक, ५ लाख आहे. म्हणून विचारायचं ते मध्यक विचारा. किती मुलांनी प्रवेश घेतला होता आणि त्यांतल्या किती जणांना नोकरी मिळाली, हेही विचारा. उत्तर लेखी मागा.

दुसरं गणित कर्जाचं. बारा लाख रुपये ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण साडेसोळा हजार बसतो. वर्षाला ५ लाख पगार म्हणजे महिन्याला साधारण ४१ हजार, त्यातून कपात. राहिलेल्या पैशांत पुण्या-मुंबईत भाडं, जेवण, प्रवास. मग घरी काय पाठवणार? नामांकित संस्थांचीही फी मोठीच असते.  पण तिथला मध्यकही तसाच मोठा असतो, म्हणून बँका आणि पालक ते ओझं उचलतात. फी आणि मध्यक हे दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी लिहून बघा.

तिसरी गोष्ट मान्यतेची. एआयसीटीईची मान्यता आहे का, पदवी विद्यापीठाची मिळणार का पदविका, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. राज्यातल्या खासगी महाविद्यालयांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं. तीही तपासता येते. आणि "आजच" म्हणणाऱ्याला "आठ दिवसांनी सांगतो" असं म्हणून बघा. चांगली संस्था आठ दिवसांत कुठे पळून जात नाही.

आम्ही कागदावर हे तिन्ही हिशेब मांडले आणि ती फी भरली नाही. सासरे दोन दिवस गप्प होते. लोकांना काय सांगायचं हा प्रश्न त्यांच्यासाठी खरा होता, त्याला मी हसणार नाही. पण नंतर त्यांनीच पारावर सांगून टाकलं, "यंदा जमलं नाही, पुढच्या वर्षी बघू." आणि लोकांनी दुसऱ्या दिवशी उसाच्या दरावर बोलायला सुरुवात केली!

पुन्हा द्यायची का?

कॅटला वयाची अट नाही आणि कितीही वेळा देता येते. स्कोअर फक्त एका प्रवेश हंगामापुरता चालतो, म्हणून पुन्हा प्रयत्न करायचा तर पुन्हा परीक्षा आलीच. पण "देता येते" याचा अर्थ "दिलीच पाहिजे" असा होत नाही. माझ्या मते मुलाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, मला एमबीए कशासाठी करायचंय? "सगळे करतात", "पॅकेज मिळतं" या उत्तरांवर वर्ष घालवू नये. "मला हिशेबाच्या कामातून पुढे जाऊन कंपनीचं आर्थिक नियोजन करायचंय" असं काहीतरी ठोस उत्तर हवं. दुसरा, यंदा मी वेगळं नेमकं काय करणार? तोच क्लास, तीच पुस्तकं, तेच वेळापत्रक असेल तर निकालही बहुधा तोच. तिसरा, या वर्षभरात घरखर्च आणि माझा खर्च कसा चालणार?

नोकरी सोडून तयारी करावी का, असं बरेच पालक विचारतात. माझं स्पष्ट मत आहे की शक्यतो सोडू नये. अनेक संस्था निवडीच्या वेळी कॅटसोबत दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव आणि मुलाखत हे सगळं बघतात. म्हणजे नोकरीचं वर्ष वाया जात नाही, तेही गुणांत मोजलं जातं. शिवाय हातात पगार असला की दुसऱ्यांदा कमी स्कोअर आला तरी माणूस कोसळत नाही. भाऊजींनी नोकरी ठेवली. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्याचा सारांश मराठीत चार ओळींत लिहायचा, हा नेम धरला. मला ते फोटो पाठवायचे, मी तपासायचे. सुरुवातीला चार ओळींत लेखकाचं म्हणणंच यायचं नाही, नुसती माहिती यायची. दोन-तीन महिन्यांनी म्हणणं यायला लागलं.

आणि ज्यांना या तीन प्रश्नांची उत्तरं सापडत नाहीत, त्यांनी थांबावं. थांबणं ही हार नाही. बँकिंग, स्पर्धा परीक्षा, सीएसारखे अभ्यासक्रम, स्वतःचा व्यवसाय किंवा असलेल्याच नोकरीत वर चढणं, हे सगळे खरे रस्ते आहेत. चौथ्यांदा, पाचव्यांदा तीच परीक्षा देणारी मुलं बघितली की मला वाटतं, यांना परीक्षा सोडवत नाही, कारण कुणीतरी त्यांना सोडायची परवानगीच दिलेली नाही. पालकहो, ती परवानगी तोंडाने द्या.

आपण शिक्षकांनी काय करायचं?

शिक्षक मित्रहो, शेवटचा भाग आपल्यासाठी. कॅटमध्ये जे विचारतात त्याचा पाया आपल्याच वर्गांत घातला जातो. शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा हे गणित शाळेतच सुरू होतं. चित्रालेख आणि स्तंभालेख वाचणं म्हणजे तक्ते-आलेखांच्या विभागाची पहिली पायरी. आणि उतारा वाचून "लेखकाला असं का वाटत असेल?" हा प्रश्न आपण तिसरीतही विचारू शकतो. उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलून उत्तर लिहिलं की आपण बरोबरची खूण करतो. ती खूण करायच्या आधी एकदा "तुझ्या शब्दांत सांग" म्हणून बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे निकाल सांगायची आपली पद्धत. पहिले तीन नंबर फळ्यावर आणि बाकीचे बाकावर, असं वर्षानुवर्षं चाललं की मुलांना एवढंच कळतं की आकडा म्हणजे आपली किंमत. मग बाविसाव्या वर्षी ८४ हा आकडा त्यांना निकालासारखा न दिसता निवाड्यासारखा दिसतो. पेपर परत देताना प्रत्येकाला एक वाक्य देऊ या. "तुझी हातच्याची बेरीज चुकते, बाकी सगळं येतंय." "तू प्रश्न पूर्ण वाचत नाहीस." असं वाक्य मिळालेल्या मुलाला पुढे काय करायचं ते कळतं. नुसता आकडा मिळालेल्या मुलाला फक्त रडायचं की हसायचं तेवढं कळतं.

आणि सातवी-आठवीला शिकवत असाल तर यंदा टक्के, पर्सेंटाइल, सरासरी आणि मध्यक यांवर एक तास जरूर घ्या. वर्गातल्याच चाचणीचे गुण घ्या, नावं न घेता फळ्यावर मांडा आणि मुलांकडूनच चारही आकडे काढून घ्या. मग गृहपाठ द्या की हे घरी आईवडिलांना समजावून सांगायचं. चाळीस घरांत हा फरक पोहोचेल. पुढे त्यातल्या एखाद्या घरात असा निकाल येईल, तेव्हा "तुम्हाला नाही कळायचं" हे वाक्य तरी कुणाला ऐकावं लागणार नाही.